डाव्या बाजूची खर्रखर्र: इंजिन खोलण्याआधी काय काय बघावं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. २०१५ ची स्प्लेंडर प्लस, ७१ हजार किलोमीटर झालेली. मालक चिपळूणचे. औषधांचे बॉक्स घेऊन आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला येतात. तीन महिन्यांपासून सकाळी गाडी चालू केली की इंजिनाच्या डाव्या अंगाने खर्रखर्र आवाज येतो. पाच-दहा मिनिटांत तो कमी होतो, पण रेस सोडली की परत ऐकू येतो. धूर नाही, ऑइल कमी होत नाही. एका गॅरेजात दोनदा टॅपेट (व्हॉल्व्ह म्हणजे हवा-धुराच्या झडपा दाबणारे स्क्रू) टाइट करून दिले. पहिल्या वेळी थोडा फरक वाटला, दुसऱ्या वेळी काहीच नाही. उलट आता सकाळी दहा-बारा किक माराव्या लागतात आणि घाट चढून गाडी तापली की स्लोवर, म्हणजे रेस न देता, उभी राहत नाही, बंद पडते. मधे जाड ऑइलही टाकून झालं. आता तिथले मिस्त्री म्हणतात की बोअर-पिस्टन (सिलिंडर आणि त्यातला दट्ट्या) आणि क्रँक (दट्ट्याने फिरणारा मुख्य दांडा) दोन्ही करावे लागतील. तर इंजिन खोलावं का?

दादा, इतक्यात खोलू नका. स्प्लेंडर १९९४ साली आली आणि तिच्या मागोमाग एक-दोन वर्षांत मी गॅरेजात कामाला लागलो. तेव्हापासून हे ९७.२ सीसीचं इंजिन माझ्या हाताखालून जातंय. गाडी समोर नसताना कुणीच छातीठोक सांगू नये, मीही सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलेल्या वर्णनात क्रँक गेल्याची एकही खूण मला दिसत नाही. बोअर गेलं म्हणावं तर निळा धूर नाही, ऑइल खात नाही. मला तुमच्या गाडीत दोन वेगळे दोष दिसतात. पहिला गाडीचा स्वतःचा, तो टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला फिरवणाऱ्या इंजिनातल्या साखळीचा. दुसरा दुरुस्तीतून आलेला, तो अति टाइट टॅपेटचा. पहिला आवाज करतोय पण त्याची घाई नाही. दुसरा गप्प आहे, आणि त्याच्या दुरुस्तीला एक दिवसही थांबू नये.

असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण हाच घोळ घेऊन महिन्याला चार-पाच जण तरी माझ्याकडे येतात.

आवाज ओळखायची सुरुवात मी गिऱ्हाइकाच्या तोंडापासून करतो. आपल्या भाषेत आवाजांना शब्दांची कमी नाही. टिकटिक वेगळी, ठकठक वेगळी, घरघर वेगळी, किणकिण वेगळी. तरी गॅरेजात आलं की सगळे "खडखड येतंय" एवढंच सांगतात. मग मी म्हणतो, तोंडाने काढून दाखवा. माणूस आवाज काढतो तेव्हा त्यात ठेका आहे की नाही ते लगेच कळतं. तुम्ही "खर्रखर्र" लिहिलंत. ठेका असता तर तुम्ही टिकटिक किंवा ठकठक लिहिलं असतं. बिनठेक्याचा, घासटल्यासारखा, सलग आवाज हा बहुतेक वेळा चेनचा किंवा बेअरिंगचा असतो. टॅपेटचा नसतो. त्यामुळे टॅपेट दोनदा टाइट करून तो गेला नाही यात नवल नाही.

ठेका असेल तर तो मोजायची एक सोपी युक्ती आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, आणि सायलेन्सरमधून धुराचा धक्काही दोन फेऱ्यांना एकदाच बाहेर पडतो. म्हणजे कॅमचा वेग आणि सायलेन्सरच्या फुंकरीचा वेग एकच. स्प्लेंडरचं स्लो १४०० च्या आसपास असतं. त्या वेगाला क्रँक सेकंदाला तेवीस-एक वेळा फिरते, आणि कॅम त्याच्या निम्म्याने, अकरा-बारा वेळा. इतकं कानाने मोजता येत नाही, पण जुळवून बघता येतं. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा, फुंकर जाणवेल. प्रत्येक फुंकरीला एक टिक ऐकू येत असेल तर वरच्या, म्हणजे कॅम-रॉकर-टॅपेटच्या भागाकडे बघायचं. एका फुंकरीत दोन ठोके पडत असतील तर ते क्रँकच्या फेऱ्याशी बांधलेले आहेत, खाली बघायचं. हाताला सवय व्हायला आठवडा लागतो. एकदा झाली की चूक कमी होते.

दुसरं साधन लांब स्क्रूड्रायव्हर. दांड्याचं टोक इंजिनच्या घट्ट भागावर टेकवायचं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबायची. हेडच्या डाव्या गोल झाकणावर, ब्लॉकच्या मधे, डावीकडे खाली मॅग्नेट कव्हरवर, उजवीकडे क्लच कव्हरवर, असं पाच-सहा ठिकाणी ऐकायचं. आवाज धातूतून प्रवास करतो, त्यामुळे सगळीकडेच थोडा ऐकू येतो. कुठे तो सगळ्यात धारदार आहे, एवढंच शोधायचं. प्लगच्या कॅपपासून लांब राहा, झटका बसतो. शर्टाची बाही आवरून घ्या. आणि हे काम उघड्यावर करा, बंद पडवीत इंजिन चालू ठेवून नको. त्या धुराला वास कमी पण विष आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे परिस्थिती. थंड असताना की गरम? रेस देताना की सोडताना? क्लच दाबल्यावर बदलतो का? न्यूट्रलला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली तर येतो का? या चार प्रश्नांवर निम्मी गाडी वगळता येते. क्लच दाबल्याबरोबर खडखड गायब झाली तर तो क्लच हाउसिंगचा किंवा गिअरबॉक्सकडचा आवाज, इंजिनाच्या वरच्या भागाचा त्याच्याशी संबंध नाही. इंजिन बंद असतानाही चाकाबरोबर येत असेल तर चेन-स्प्रॉकेट, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेकचा ड्रम. तुमचा आवाज थंड असताना जास्त, रेस सोडताना परत, आणि डावीकडून. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझा हात आपोआप मॅग्नेट कव्हरकडे जातो.

टायमिंग चेन तिथेच असते. क्रँकच्या डाव्या टोकाला, मॅग्नेटच्या मागून, ती वर कॅमच्या स्प्रॉकेटपर्यंत जाते. वाटेत ती रबर चढवलेल्या रोलरवरून फिरते. एक ब्लॉकच्या पोटात आणि एक खाली टेन्शनरच्या दांडीवर. त्या दांडीला खालून एक पुश रॉड रेटत असतो. त्याच्यामागे स्प्रिंग आहे आणि तो ऑइलमध्ये बुडालेला असतो. स्प्रिंग चेनला ताण देते, ऑइल धक्के गिळतं. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या जागेतलं ऑइल उतरतं, सकाळी काही वेळ स्प्रिंग एकटीच काम करते. सगळं नवं असताना हे कळतही नाही. पण चेनच्या पिना झिजून ती लांबली, रोलरचं रबर कडक होऊन त्यात चेनची खाच पडली, पुश रॉडचं टोक झिजलं, की तीच सकाळची वेळ खर्रखर्र करायला लागते. रेस सोडल्यावर परत ऐकू येण्याचं कारणही हेच. रेस देताना चेनची एक बाजू ताठ असते, सोडली की ताण दुसऱ्या बाजूला जातो, आणि ढिली चेन मधल्या मधे फटकारे मारते. ७१ हजार किलोमीटर, त्यातही घाटाचे, म्हणजे चेन-रोलर-टेन्शनरच्या या किटने आपलं आयुष्य पुरेपूर दिलंय.

आणखी पुरावा हवा असेल तर ऑइल बदलताना मिळतो. ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून घ्या. उजवीकडचं क्लच कव्हर काढलं तर खाली ऑइलची जाळी सरकवून बाहेर येते. गेल्या पावसाळ्यात उंब्रजच्या एका दूधवाल्याची गाडी अशीच आली होती, त्यालाही इंजिन बांधायला सांगितलेलं. जाळी काढली तर तिच्यावर मोहरीएवढे काळे कण बसलेले. त्याला वाटलं कार्बन. मी एक कण नखाखाली दाबून दाखवला. कार्बन असता तर भुकटी झाली असती. हा दबला आणि परत फुगला. रबर होतं ते. मॅग्नेट खोलून रोलर बाहेर काढला तर एका बाजूचं रबर साफ गेलेलं, आतली लोखंडी वाटी चमकत होती आणि चेन तिच्यावरच घासत होती. ब्लॉक-पिस्टनला हातही लावला नाही. किट बदललं, संध्याकाळी दुधाच्या फेरीला गाडी परत गेली.

जाळीवर काय सापडतं यावरून पुढचंही कळतं. अगदी बारीक चंदेरी चमक थोडीफार असतेच, ७० हजारांवर त्याने घाबरू नये. पण कपच्या, सुईसारखे तुकडे, चुंबकाला चिकटणारे दाणे दिसले तर ते बेअरिंगचे किंवा गिअरचे, आणि मग खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

कव्हर काढलंच आहे तर क्रँकच्या उजव्या टोकाचा फिरकी फिल्टर उघडून साफ करून घ्या. हे मी मुद्दाम सांगतोय. या इंजिनाला मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. ऑइलमधला गाळ या फिरत्या वाटीच्या कडेला चिकटून बसतो. लोक दर तीन हजारांला नेमाने ऑइल बदलतात आणि ही वाटी दहा दहा वर्षं कुणी उघडत नाही. मी आतून चिखलाची अर्ध्या बोटाएवढी जाड वडी काढलेली आहे. ती तशीच ठेवून नवं किट बसवणं म्हणजे गाळातल्या ऑइलवर नवी चेन चालवणं.

आता टॅपेटबद्दल, कारण तुमच्या गाडीला खरा धोका तिथे आहे.

टॅपेटला ठरावीक फट लागते. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. फट असेल तर लांबूनही तो आपल्या सीटवर पूर्ण टेकतो. फट नसेल तर टेकतच नाही, केसभर उघडा राहतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तर जळता वायू अंगावर घेत असतो, आणि त्याला थंड व्हायला मुख्य जागा एकच: सीटला टेकलेला असताना आपली उष्णता हेडला देणं. टेकलाच नाही तर थंड होणार कसा? आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जातं, किक हलकी लागते, सकाळी गाडी उठत नाही. मग गरम झाल्यावर स्लो पडतं. मग व्हॉल्व्हची कड जळते. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या तुम्ही पत्रात लिहूनच पाठवल्यात: दहा-बारा किक, आणि घाटावर तापल्यावर बंद पडणं. दोन्ही दुसऱ्यांदा टॅपेट टाइट केल्यानंतर सुरू झाल्या.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती मला लांबून ओळखू येते. गॅरेजात लागून वर्षही झालं नव्हतं. एका शिक्षकांना टिकटिक अजिबात नको होती. वस्ताद बाहेर गेलेले, मी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) न लावता आवाज जाईपर्यंत नट पिळला. सर खूश होऊन गेले. दीड महिन्याने गाडी ढकलत आणली. वस्तादांनी हेड उतरवलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी त्याची कड एका जागी खाल्लेली होती. वस्ताद रागावले नाहीत. व्हॉल्व्ह, सीटचं काम आणि मजुरी माझ्या पगारातून गेली, आणि तो व्हॉल्व्ह माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात अजून आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी तो त्याच्या हातात देतो.

सेटिंगची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं राहिलेलं असेल तर उत्तम. मॅग्नेट कव्हरवरच्या दोन्ही टोप्या काढा, प्लग काढा म्हणजे क्रँक हाताने हलकी फिरते. हेडवरच्या दोन्ही टॅपेट कॅप काढा. डावीकडून बघताना क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत मॅग्नेटवरची 'टी' खूण कव्हरच्या खाचेशी जुळवा. इथे नवशिके फसतात, कारण ती खूण दर फेऱ्याला येते, म्हणजे एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. दोन्ही रॉकर बोटाने थोडे हलायला हवेत. हलत नसतील तर एक फेरा आणखी फिरवा. अर्थात तुमच्या गाडीचे टॅपेट आधीच आवळलेले असल्याने बरोबर जागेवरही ते हलणार नाहीत असं होऊ शकतं. म्हणून आधी दोन्ही नट सोडून स्क्रू अर्धा फेरा ढिले करा, मग क्रँक फिरवून बघा कोणत्या खुणेवर रॉकर खाली दाबले जात नाहीत. ती आपली जागा. मग फिलर गेजची पट्टी सरकवा. या इंजिनांची फट मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाच्या पट्ट्यात असते. तुमच्या वर्षाच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, ऐकीव आकडा नको. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी हलकी अडली पाहिजे. नट आवळताना स्क्रू बरोबर फिरतो आणि फट बदलते, म्हणून आवळल्यावर परत पट्टी घालून बघा. मग क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन आणखी एकदा.

एवढं केल्यावर बारीक टिकटिक राहील, ती राहू द्या. उलटी गोष्ट लक्षात घ्या: व्हॉल्व्ह आणि सीट झिजत जातात तशी फट काही वेळा आपोआप कमी होत जाते, म्हणजे गाडी दिवसेंदिवस शांत होतेय म्हणून आपण खूश असतो आणि आत व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर असतो. फट बरोबर ठेवूनही पाचशे-सहाशे किलोमीटरात टॅपेट परत मोठ्याने बोलायला लागले तर मात्र रॉकरचा तळ आणि कॅम बघायला हवा. टॅपेट कॅपमधून टॉर्च मारली तर तळ थोडाफार दिसतो. गुळगुळीत आरशासारखा हवा. बारीक खड्डे पडलेले दिसले तर वरचा कडक थर गेला, त्याला सेटिंगचा इलाज नाही.

त्याच टॉर्चने आणखी एक बघून घ्या. कॅप काढलेली असताना इंजिन क्षणभर स्लोवर चालू केलं तर रॉकरवर ऑइल ओलं होताना दिसलं पाहिजे. हेड कोरडं दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी ऑइलची वाट मोकळी करायची.

तुमचं जाड ऑइल मी काढून टाकीन. या गाडीला १० डब्ल्यू ३० सांगितलेलं आहे. जाड ऑइलने आवाजावर गोधडी पडते, पण थंड सकाळी ते वर हेडपर्यंत आणि टेन्शनरच्या पुश रॉडपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे ज्या वेळेला तुमची चेन ओरडते त्याच वेळेला तिला उपाशी ठेवतं. आणि पातळी बघताना गाडी मधल्या स्टँडवर सरळ, दोन-तीन मिनिटं चालवून बंद केलेली, आणि काडी आटे न फिरवता नुसती टेकवून. आटे फिरवून बघितली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि ऑइल कमी असताना आपण निर्धास्त राहतो.

मी इंजिन कधी खोलतो, तेही सांगतो, म्हणजे तुमच्या मिस्त्रींशी बोलायला सोपं जाईल. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गेलं की आवाज जड असतो, हातोडीने ऐरणीवर मारल्यासारखा, आणि तो चढावर ओढ पडली की वाढतो. गरम झाल्यावर तो कमी होत नाही, उलट गरम होऊन ऑइल पातळ झालं की जास्त ठोकतो. तुमचा आवाज गरम झाल्यावर कमी होतो. रॉडचा ठोका असा वागत नाही. तशी गाडी आली तर मी ती पुढे एक किलोमीटरही चालवू देत नाही. चालत्या गाडीत रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो. ब्लॉक उतरवल्यावर रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढून बघायचा. वर-खाली जराही चाल जाणवली की क्रँक गेली. आडवी, बाजूला थोडी चाल असतेच, ती असायलाच हवी. तीच हलवून दाखवून "बघा, क्रँक गेली" म्हणणारे असतात, तिथे सावध राहा.

पिस्टन ढिला झाला असेल तर लाकडावर टकटक केल्यासारखा दबका आवाज ब्लॉकच्या मधून येतो. तोही थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, म्हणून तुमच्या मिस्त्रींना शंका आली असेल तर ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. पण त्याला फुंकरीबरोबरचा ठेका असतो, आणि तो रेस देताना वाढतो, सोडताना नाही. शिवाय ७० हजारांवर पिस्टन आवाज करण्याइतका ढिला झाला असेल तर धूर आणि ऑइलची खपत सोबत येतेच बहुतेक. क्रँकचं बेअरिंग गेलं तर घरघर येते, जातं फिरवल्यासारखी, आणि रेसबरोबर तिचा सूर चढत जातो. घाटात चौथ्या गिअरला ओढत असताना वाटाणे तव्यावर टाकल्यासारखी किणकिण येत असेल तर गिअर उतरवा. ती बहुतेक वेळा जळण्याची गडबड असते, सुट्या भागांची नाही.

आणि कितीतरी वेळा आवाज इंजिनात नसतोच. सायलेन्सरचा बेंड हेडला जिथे बसतो तिथलं गॅस्केट फुटलं की अगदी टॅपेटसारखी टिकटिक येते. त्या जोडाभोवती काळी काजळी दिसते, ती बघा. सायलेन्सरची जाळी, इंजिनचे फाउंडेशन बोल्ट, साइड स्टँडची स्प्रिंग, हॉर्नची पट्टी. दर खोलायच्या गाडीला मी आधी दोन मिनिटं हे सगळं हाताने दाबून धरून ऐकतो.

चेनचं काम करताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवा, जमलं तर समोर उभे राहा. मॅग्नेट पुलरनेच निघाला पाहिजे. हातोडी मारून काढला तर आतली चुंबकं तडकतात आणि क्रँकच्या टोकालाही इजा होते. चेनबरोबर रोलर, स्प्रॉकेट, टेन्शनरचे भाग असं पूर्ण किट बदला. जुन्या रोलरवर नवी चेन टाकली तर आवाज चार महिन्यांत परत येतो. आणि चेन चढवल्यावर खाली 'टी' खूण आणि वर कॅम स्प्रॉकेटची गोल खूण हेडच्या खाचेशी जुळवून, किक न मारता, हाताने दोन पूर्ण फेरे देऊन परत जुळतात का ते बघायला सांगा. फिरवताना मधेच कुठे टणक अडलं तर जोर लावू द्यायचा नाही. एका दाताची चूक असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो. काढलेलं सगळं जुनं सामान पिशवीत घालून मागून घ्या आणि रोलर स्वतः बघा. सगळं मिळून खर्च पूर्ण इंजिन बांधण्याच्या निम्म्याहून कमीच येईल.

ज्यांच्याकडे दुसऱ्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी एवढंच: ब्लॉकच्या मागे स्वयंचलित टेन्शनर असलेल्या गाड्यांत तो अडकला की हाच आवाज येतो, आणि तिथे टेन्शनर काढून कायमचा बोल्ट पिळून बसवणं हा उपाय नव्हे. चेन अति ताठ राहून गाइड खाते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पुश रॉड बोटांनी फिरेल पण वर-खाली हलणार नाही, इतपत सेटिंग थंड इंजिनावर करतात. बुलेटच्या नंतरच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनांना हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप फट धरणारे टॅपेट आहेत, तिथे सेट करण्यासारखं काही नसतं, ऑइल नीट पोचतंय का एवढंच बघायचं.

आता तुमच्या गाडीचा क्रम. उद्या सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, टॅपेट बरोबर फटीवर आणून घ्या. हे चिपळुणातही कुणी फिलर गेज बाळगणारा मिस्त्री अर्ध्या तासात करून देईल. मग किक मारून बघा. पायाला पहिल्यासारखा जोर लागला आणि दोन-तीन किकमध्ये उठली तर व्हॉल्व्ह वाचला, पुढच्या आठवड्यात निवांत चेनचं किट आणि फिल्टरची सफाई करा. फट बरोबर असूनही किक हलकीच लागत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मारा. त्याने जोर वाढला तर रिंगांकडून गळतंय. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह धरत नाही; मग फक्त हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह घासून बसतो का बघायचं, नाहीतर तो बदलायचा. क्रँकला तेव्हाही हात लावायचं कारण नाही.

टॅपेट ढिले करून घेईपर्यंत ओझं लादून कुंभार्ली चढू नका. तोवर औषधांचे बॉक्स एसटीच्या पार्सलने पाठवा.